टोला पडेपर्यंत

वस्ताद गेन्साकुंना निरोप देताना घंटेचे टोले नऊच पडले. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते कळलं, आणि कोणीही बोललं नाही.

पैलवान गेला की बाकीचे पैलवान त्याचा फोटो घेऊन दिवे मालवलेल्या रिंगमध्ये माना खाली घालून उभे राहतात आणि घंटेवर सावकाश दहा टोले पडतात. खाली पडलेल्याला पंच दहापर्यंत मोजतो ना, तसंच हे. दहा झाले की हा आता उठणार नाही, याची कुस्ती संपली, असं सगळ्यांनी मिळून मान्य करायचं. उत्तर जपानातल्या हाचिनोहेच्या बंदरावर मासळीच्या लिलावाची जी लांबलचक शेड आहे, तिथेच आमच्या कुस्त्या होतात आणि तिथेच त्या दिवशी मुरोईकाकांनी टोले दिले. नववा टोला विरला, काकांनी हातोडी खाली ठेवली, रुमालाने डोळे टिपले आणि कोणीतरी दिवे लावले.

मुरोईकाका तरुणपणी त्याच शेडमध्ये मासळीचा लिलाव पुकारायचे, आणि आमच्या कुस्त्यांची घंटाही पहिल्यापासून त्यांच्याकडेच. आकड्यात चुकलात असं त्यांना जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. आता वय झालेलं, एक कान गेलेला, त्यात जिवाभावाचा मित्र गेलेला. अशा माणसाला चारचौघांत 'काका, एक राहिला' म्हणायचं कोणी? आमच्याकडे तसं होत नाही. मेलेला माणूस तक्रार करत नाही, जिवंत माणसाची मात्र मान खाली जाते. तेव्हा अळीमिळी गुपचिळी. उलट वस्तादांची बायको हारुएकाकू स्वतः पुढे झाल्या आणि वाकून म्हणाल्या, "दहाही टोले किती स्वच्छ दिलेत हो."

फोटो रेइजीच्या हातात होता. दिवे लागले तरी तो दहाव्या टोल्याची वाट बघत मान खाली घालून उभाच होता. शेवटी शेजारच्या धाकट्या पैलवानाने, नारुमीने, कोपराने ढोसलं, "दादा, चला. झालं."

रेइजी हा गेन्साकुंचा शेवटचा आणि खरं सांगायचं तर एकुलता एक टिकलेला चेला. काळी आखूड चड्डी, काळे बूट, ना गाणं, ना रंगीत झगा, ना दोरावरून उड्या. जमिनीवर घ्यायचं आणि पकडीत धरायचं, एवढीच ती कुस्ती. आमच्या धंद्यात कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, हे बंदरावरच्या मांजरांनाही ठाऊक आहे. गेन्साकुंनाही ते मान्य होतं. ते म्हणायचे, "जिंकणं-हरणं ठरवा तुम्ही काय ठरवायचं ते. दुखणं कोणी ठरवायचं नाही."

त्यांची एक पकड होती. मागून जायचं, डावा हात जबड्याखालून घालायचा, उजवा मानेवर ठेवायचा आणि मग तोंडाने 'हं' असा श्वास सोडत छातीचं वजन हळूहळू समोरच्यावर सांडायचं. अख्ख्या उत्तरेत तिला गेन्साकुचं कुलूप म्हणत. ज्याला ते बसलं त्याला आधी कानात समुद्र ऐकू यायचा, मग तोही ऐकू यायचा नाही.

आणि तालमीत कायदा एकच. पकड बसली की टोला पडेपर्यंत सोडायची नाही. इतर ठिकाणी समोरच्याने हार मानून हात आपटला की पैलवान सोडतो. गेन्साकुंच्या तालमीत आपटलेला हात कोणाला दिसायचाच नाही. "माणूस भीतीने हात आपटतो, फसवायलाही आपटतो," ते म्हणायचे. "घंटेला भीती नाही आणि लबाडी नाही. तिचं ऐका." नवं पोरगं आलं की त्याला कुलूप घालून वस्ताद निवांत बसायचे. ते हात आपटून आपटून निळं पडलं तरी मुरोईकाकांच्या घंटेकडे बघत राहायचे. निम्मी पोरं पहिल्याच महिन्यात पळाली. एकदा सेन्दाईहून एक चांगला पैलवान आला होता. ऐन वेळी मुरोईकाकांची हातोडी टेबलाखाली घरंगळली आणि टोल्याला उशीर झाला. तेवढ्यात त्याच्या मानेचं जे व्हायचं ते झालं. त्यानंतर त्याला चमचासुद्धा धरता आला नाही. गेन्साकु दरवर्षी फळांची करंडी घेऊन त्याला भेटायला जायचे, त्याच्या आईसमोर जमिनीला डोकं टेकायचे, आणि परत येऊन तालमीत तोच कायदा चालवायचे.

रेइजी पळाला नाही. त्याला पळून जायला घर नव्हतं हे एक, आणि गेन्साकुंनी त्याला एकदाही 'शाब्बास' म्हटलं नव्हतं हे दुसरं. तो शब्द ऐकल्याशिवाय जायचं नाही असं त्याने मनाशी धरलेलं, आणि वाट बघता बघता त्याची चाळिशी उलटली.

पहिल्यांदा त्याला कळलं ते न्हाणीघरात. बंदरावरचं सार्वजनिक न्हाणीघर दुपारी उघडतं. धाकट्या पैलवानाने थोरल्याची पाठ घासायची, ही आमची रीत. रेइजीचं नाव पोस्टरावर मोठ्या अक्षरांत यायला लागलं तरी गेन्साकुंची पाठ तोच घासत असे. वस्तादांना जाऊन आठवडा झाला होता. रेइजी बुटक्या स्टुलावर बसला, टॉवेलाला साबण लावला आणि सवयीने हात पुढे केला. टॉवेल हवेत फिरायला हवा होता. तो टेकला.

समोर कोणी नव्हतं. आरसा होता, त्यात रेइजीचं तोंड होतं, आणि टॉवेलाखाली रुंद, कोमट, खांद्यापाशी गाठ आलेली पाठ होती. घाबरलेला माणूस काय करतो? हातातलं काम करतो. रेइजीने डावा खांदा घासला, मग उजवा, मग कण्यावरून खाली आला, तसाच, जसा इतकी वर्षं येत होता. मग लाकडी घंगाळातलं पाणी ओतलं. पाणी मध्येच कशावर तरी फुटून दोन्हीकडे ओघळलं.

"अहो पैलवान," शेजारचा म्हातारा म्हणाला, "अंगावर घ्या की. फरशीला कशाला आंघोळ घालताय?"

"चुकलं," रेइजी म्हणाला आणि स्वतःचं अंग न धुताच त्याने कपडे चढवले.

त्यानंतर त्याची कुस्ती बदलली. आधी काय व्हायचं, रेइजीची कुस्ती लागली की लोक भाजलेलं माकूल आणि बिअर आणायला बाहेर जायचे. 'रेइजी उतरला, चला लघवीला' असं तोंडावर म्हणायचे. गेन्साकुंची कुस्ती होती खरी, पण गेन्साकु नव्हते. आता मात्र तो जमिनीवर गेला की शेडमध्ये चिडीचूप व्हायचं. समोरचा कुठे सरकणार हे त्याच्या हातांना आधीच कळायचं. वजन असं सांडलं जायचं की तगडी तगडी माणसं गादीत रुतायची. एका रविवारी मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या कोळ्याने गळा फाडून हाक मारली, "गेन्साकु!" आणि आजूबाजूच्या बायकांनी पदराने डोळे पुसावेत तसे रुमाल काढले.

रेइजीला ठाऊक होतं की हे आपलं नाही. पण खोटं कशाला बोला, त्याला ते हवं होतं. इतकी वर्षं ज्याची नक्कल करत आलो तो आपल्या अंगात उतरलाय, लोक आपल्याला त्याच्या नावाने हाक मारतात, हे कोणाला नको असतं? न्हाणीघरात तो आता मुद्दाम कोपऱ्यातलं स्टूल धरायचा आणि रोज पाठ घासायचा.

मग नारुमीने तोंड उघडलं. नारुमी म्हणजे उड्या मारणारा पोरगा, सोनेरी केस, चकाकती पँट. जुने पैलवान त्याला 'कानामागून आली आणि तिखट झाली' म्हणून टोमणे मारायचे, पण शेड भरायची ती त्याच्यामुळेच. अकिताहून परतताना व्हॅन थांबवून सगळे भाताचे गोळे खात होते, तेव्हा तो रेइजीजवळ येऊन बसला.

"दादा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारण्याआधीच रागावलोय. बोल."

"काल तुम्ही माझा पाय धरला होता. दोन्ही हातांनी. बरोबर?"

"बरोबर."

"मग माझं मनगट कोणी धरलं होतं?"

रेइजी भात चावायचा थांबला. नारुमीने हसत हसत बाही वर केली. मनगटावर निळे वळ उठले होते. एक अंगठा, तीन बोटं आणि एक अर्धं बोट. गेन्साकुंची करंगळी तरुणपणी माकुलाच्या बोटीवर चरकात सापडून अर्धी गेली होती.

"दोरात अडकला असेल हात," रेइजी म्हणाला.

"दोराला बोटं असतात व्हय?" नारुमी म्हणाला, आणि रेइजीचा चेहरा बघून त्याने बाही खाली केली. मग उठून तो गाडी सुरू करायला गेला.

तालीम गेन्साकुंच्या घरामागेच होती, पूर्वी माकूल सुकवायची कोठी होती तिथे. रेइजी सकाळी तिथे जायचा आणि मग हारुएकाकूंकडे जेवायचा. एका सकाळी तो लवकर गेला. काकू स्वयंपाकघरात बांगड्याचं सार करत होत्या. मागून तालमीच्या फळ्या वाजत होत्या. खाली, वर. खाली, वर. बैठका. मध्ये मध्ये 'हं' असा श्वास.

"काकू, तालमीत कोण आहे?"

काकूंनी रेडिओ मोठा केला. "सार गरम आहे तोवर खा."

रेइजीने जाऊन दार उघडलं. आत कोणी नव्हतं. पण जिथे गेन्साकु बैठका मारायचे, जिथली फळी त्यांच्या घामाने काळी पडली होती, तिथे घामाचे थेंब होते. ताजे. तो बघत असतानाच अजून एक पडला.

त्या दिवसापासून रेइजीच्या मनात एकच हिशेब सुरू झाला. वस्तादांची कुस्ती सुटलेली नाही. त्यांना कोणी दहा म्हटलेलं नाही. आणि टोला पडेपर्यंत ते सोडत नाहीत. रेइजीचे स्वतःचे हात टोला ऐकला की उघडतील, ते तसे घडवलेलेच होते. पण तो दुसरा हात? तो कोणत्या टोल्याला उघडणार?

वर्षश्राद्धाची कुस्ती जाहीर झाली आणि हा प्रश्न पोस्टरावरच येऊन बसला. रेइजी विरुद्ध नारुमी, शेवट गेन्साकुच्या कुलपाने. ही मागणी नारुमीची होती. हा माझा मान आहे, म्हणाला. रेइजीने मोडता घालून पाहिला. "दुसरी काहीतरी पकड घेऊ. पायाची घेऊ."

"का? माझी मान काय मातीची आहे?" नारुमी दुखावला. "सगळे म्हणतात मी नुसता माकडउड्या मारतो. तुम्हीही तेच समजता. मी ते कुलूप सोसून दाखवतो, दादा."

सोसून दाखवतो म्हणे! पोराला कळत नव्हतं तो काय मागतोय. रेइजीच्या डोळ्यांसमोर सेन्दाईचा पैलवान येत होता, त्याची आई त्याला भरवत असलेली.

तो सुकवलेलं माकूल आणि साकेची बाटली घेऊन मुरोईकाकांकडे गेला. काका खिडकीत मुळे वाळत घालत होते.

"काका, वस्तादांच्या वेळी," रेइजीने चांगल्या कानाच्या बाजूला बसून सुरुवात केली, "एक टोला द्यायचा राहिला."

काकांनी हातातला मुळा दोरीला बांधून पुरा केला. "तू मोजले होतेस?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

रेइजीने बाटली काकांपुढे सरकवली.

"वर्षभर जो भेटतो तो म्हणतो, काका, छान दिलेत टोले. हारुएबाई म्हणाल्या. तू स्वतः मला वाकून नमस्कार केलास. हे सगळे खोटं बोलले?" काकांचा आवाज चढला, आणि मग एकदम बसला. त्यांना कळलं होतं. कदाचित वर्षभर कळत होतं. पण आता ते कबूल करायचं म्हणजे गावभर ज्यांनी ज्यांनी त्यांची लाज राखली त्या सगळ्यांना खोटं पाडायचं. "मी दहा दिलेत," ते म्हणाले. "बाटली घेऊन जा तुझी."

कुस्तीच्या आदल्या दिवशी दुपारी शेडमध्ये रिंग उभी राहत होती. घंटा टेबलावर होती. रेइजीने आजूबाजूला बघितलं, हातोडी उचलली, डोळे मिटले आणि एक टोला दिला. स्वच्छ वाजला. दोर बांधणाऱ्यांनी माना वळवल्या. "काय पैलवान, आजपासूनच सुरू?" रेइजी तसाच न्हाणीघरात गेला, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला आणि टॉवेल पुढे केला. तो टेकला. चेल्याने दिलेला टोला वस्ताद कशाला मोजतील? मुरोईकाका सोडून दुसऱ्या कोणाच्या घंटेला त्यांनी आयुष्यात मान दिला नव्हता.

तिथून तो हारुएकाकूंकडे गेला. सगळं सांगितलं. मनगटाचे वळ, तालमीतला घाम, पाठ. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मध्ये कुठेही 'काहीतरीच काय' म्हटलं नाही.

"नऊच होते," त्या म्हणाल्या. "मीपण मोजले ना."

"मग तुम्ही काकांना…"

"मग काय? दहावा पडला नाही, बरं वाटलं मला." काकूंनी ताट बाजूला ठेवलं. "सकाळी बैठका ऐकू येतात. जिवंत होते तेव्हा तरी दुसरं काय ऐकू यायचं रे? बोलायचे का ते माझ्याशी? तेवढंच होतं माझ्याकडे, तेवढंच अजून आहे. तू येऊन म्हणतोस, तेही घालवा."

"नारुमीची मान जाईल, काकू."

"ते पोराला मारणार नाहीत."

"सेन्दाईच्या त्याला?"

काकूंनी ताट पुन्हा जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही त्यांचा." आणि उठून आत गेल्या. रेइजीने तिथेच ठरवलं की उद्या कुलूप घालायचंच नाही. पोस्टर गेलं खड्ड्यात. लोक शिव्या देतील, देऊ देत.

रविवारी दुपारी शेड खच्चून भरली. बाहेर बर्फ वितळून चिखल झालेला, आत ओल्या बुटांचा आणि माशाचा वास. हारुएकाकू पुढच्या रांगेत काळ्या किमोनोत. मुरोईकाका टेबलाशी, चांगला कान रिंगकडे करून.

रेइजीने ठरवल्याप्रमाणे पायाची पकड घेतली. नारुमी सुटला. पुन्हा घेतली. नारुमी पुन्हा सुटला आणि कानाशी तोंड आणून कुजबुजला, "दादा, कुलूप." रेइजीने मान हलवून नाही म्हटलं. लोक ओरडायला लागले. तेव्हा नारुमीने काय करावं? तो उठला, रेइजीकडे पाठ केली आणि दोन्ही हात खाली सोडून मागे मागे येत त्याच्या छातीला टेकला. स्वतःची मान स्वतः आणून दिली पोराने. त्याच्या लेखी तो आदर होता.

रेइजीचे हात गेले. तो त्यांना थांबवत होता आणि ते गेले. डावा जबड्याखाली, उजवा मानेवर, आणि 'हं' असा श्वास, जो त्याने सोडला नव्हता. वजन सांडायला लागलं. शेडमध्ये मासळीच्या बर्फाचं पाणी ठिबकत होतं ते ऐकू येऊ लागलं. नारुमीने क्षणभर सोसलं आणि मग गादीवर हात आपटला. हात गादीला लागला न लागला तोच मुरोईकाकांनी टोला दिला. ते त्याच क्षणाची वाट बघत दबा धरून बसले होते.

रेइजीचे हात उघडले. पहिल्या आवाजाला उघडले. इतका आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता. त्याने पंजे डोळ्यांसमोर धरले, ते रिकामे होते, आणि त्याला मोठ्याने हसावंसं वाटलं.

नारुमी सुटला नाही.

तो तसाच बसला होता, पाठ वाकलेली, हनुवटी वर, कोणीतरी मागून आवळल्यासारखी. टाचा गादीवर आपटत होत्या. लोक टाळ्या वाजवत होते. "काय नाटक करतंय बेटं! सोडलं रे, सोडलं तुला!" नारुमीचा चेहरा निळा व्हायला लागला होता आणि डोळे रेइजीला शोधत होते.

"वस्ताद!" रेइजी ओरडला. "टोला पडला! सोडा!"

घंटा मुरोईकाकांचीच होती, पण टोला या कुस्तीचा होता, वस्तादांचा राहिलेला दहावा नव्हे. त्यांच्यासाठी अजून कुस्ती चालूच होती. नारुमीच्या मानेत बारीकसं कटकन वाजलं.

रेइजी नारुमीच्या मागे गेला. तिथे कोणी नव्हतं, पण ती पाठ त्याला डोळे मिटूनही सापडली असती. त्याने डावा हात पुढे घातला, तिथे दाढीचे खुंट लागले. उजवा ठेवला, तिथे मानेची जाड वळी होती. कापराच्या तेलाचा वास आला. 'हं' म्हणून रेइजीने श्वास सोडला, आणि या वेळी तो त्याचा स्वतःचा होता, आणि त्याने आपलं सगळं वजन आपल्या वस्तादावर सांडलं.

नारुमी पुढे कोसळला आणि घशातून किंकाळीसारखा श्वास ओढत दोरापर्यंत सरपटत गेला.

म्हाताऱ्यात प्रचंड जोर होता. रेइजी दोनदा हवेत उचलला गेला. दात ओठात रुतले, तोंडात रक्त आलं, पण पकड बसली होती आणि ती घट्ट होत गेली. आणि मग त्याच्या डाव्या हातावर एक चापट पडली.

हलकीच. आधी त्याला कळलंच नाही ती कसली. मग दुसरी पडली. जन्मात कोणापुढे हात न आपटलेला माणूस रेइजीच्या हातावर चापट्या मारत होता. सोड म्हणत होता.

रेइजीला सोडायचं होतं. देवाशपथ सोडायचं होतं. पण आपटलेला हात दिसायचा नाही, असं ज्याने शिकवलं तोच हात आपटत होता, आणि रेइजीची बोटं टोल्याशिवाय उघडत नव्हती. टोला तर होऊन गेलेला, संपलेल्या कुस्तीला दुसरा टोला नसतो. शिवाय सोडलं आणि ते पुन्हा पोराकडे वळले तर? बोटं उघडत नव्हती की तोच उघडत नव्हता, हे त्याला पुढे कधीही सांगता आलं नाही. तो धरून राहिला. रडत होता आणि धरून होता. चापट्या मंद होत गेल्या, झोपेला आलेल्या पोराला आई थोपटते तशा, एक, आणि बऱ्याच वेळाने अजून एक. मग त्या थांबल्या. तरी त्याने धरलं. आणि एकदम हातांत काहीच उरलं नाही, तसा तो स्वतःच्याच छातीवर हात आवळून गादीवर पालथा पडला.

लोकांना काय दिसलं? एक पैलवान मेलेल्या वस्तादाची पकड हवेत घेऊन रडतोय, एवढंच. अख्खी शेड उभी राहिली. रंगीत कागदाच्या फिती चहूबाजूंनी रिंगमध्ये येऊन पडल्या. "गेन्साकु! गेन्साकु!" गर्दी ओरडत होती. इतकी सुंदर श्रद्धांजली हाचिनोहेत कधी झाली नाही, असं अजूनही लोक सांगतात.

कपडे बदलायच्या खोलीत नारुमी मानेला बर्फाची पिशवी लावून बसला होता. त्याला मान वळवता येत होती, हातात पेला धरता येत होता. रेइजीने त्याला तो दोनदा धरायला लावला. "दादा, शेवटी माझ्या मागे…" नारुमीचा घसा बसला होता.

"बोलू नकोस. पाणी पी."

दार सरकवून हारुएकाकू आत आल्या. हातात कापडात बांधलेला जेवणाचा डबा. नारुमी उठून बाहेर गेला. काकू रेइजीसमोर गुडघ्यांवर बसल्या, डबा मध्ये ठेवला, पण गाठ सोडली नाही.

"मी डोळे मिटून घेतले होते," त्या म्हणाल्या. "गेले ना?"

"गेले."

काकूंनी मान डोलावली. मग विचारलं, "एक सांग. शेवटी त्यांनी हात आपटला का रे?"

रेइजीचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत अजून चुरचुरत होता. त्याने काकूंकडे बघितलं. वर्षभर बैठका ऐकत जगलेली बाई. आता उद्या सकाळी रेडिओ मोठा करायचीही गरज नव्हती तिला.

"नाही, काकू," तो म्हणाला. "शेवटपर्यंत नाही आपटला."

"वाटलंच मला." काकूंचा चेहरा उजळला. "मोडेल पण हात आपटायचा नाही. सगळ्यांना सांग हं हे. तू सांगितलंस तर खरं मानतील, तू धरलं होतंस त्यांना."

"सांगेन," रेइजी म्हणाला.

मग काकू डब्याची गाठ सोडायला लागल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांना रडू फुटलं.